पिकअप ट्रकची घडण, हवेची ओढ आणि इंधनाचा व्यय

१. विषयाची मांडणी

पिकअप ट्रक या वाहनाची घडण मोटारींच्या सृष्टीत काहीशी अपवादात्मक आहे. साध्या मोटारगाडीचे छत पुढील काचेवरून निघून मागे हळूहळू उतरत जाते. बंदिस्त मालमोटारीची पेटी आरंभापासून अखेरपर्यंत एकाच उंचीची असते. पिकअपमध्ये मात्र पुढे माणसांसाठी बंद केबिन, तिच्या पाठीमागे एकदम तुटलेला कडा, त्याच्या तळाशी मालासाठी उघडा हौदा आणि हौद्याच्या टोकाला उभा फाळका अशी चढउतारांची मांडणी असते. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या 'मॉडेल टी' गाडीवर कारखान्यातच असा हौदा बसवून ती विकावयास काढली. ऑस्ट्रेलियात त्याच कंपनीच्या शाखेने १९३४ साली मोटारीची केबिन आणि मालाचा हौदा एका अंगात जोडलेली गाडी तयार केली. या दोन्ही गाड्या शेतकऱ्यांच्या उपयोगासाठी होत्या. रस्ते कच्चे, वेग बेताचा आणि पेट्रोल स्वस्त असल्यामुळे अशा गाडीवरून हवा कशी वाहते हा प्रश्न कोणास पडण्याचे कारण नव्हते.

हा प्रश्न पुढे आला तो परिस्थिती पालटल्यावर. पिकअप शेताच्या बांधावरून महामार्गावर आली. अमेरिकेत तर ती नित्याच्या प्रवासाचे वाहन बनली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखली, तेव्हा तेथील शासनाने १९७४ च्या आरंभी वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ठरवून दिली. १९७५ साली मोटारींच्या इंधनव्ययावर बंधन घालणारा कायदा झाला आणि १९७९ सालच्या गाड्यांपासून हलक्या मालमोटारीही त्याच्या कक्षेत आल्या. तेव्हापासून गाडीच्या आकाराचा विचार केवळ शोभेचा राहिला नाही.

प्रस्तुत लेखात या आकाराचा आणि इंधनाचा संबंध विशद करावयाचा आहे. त्यासाठी एक जुना व दृढ समज मध्यवर्ती धरला आहे. हौदा रिकामा असताना मागील फाळका पाडून गाडी चालविली की हवा सरळ निघून जाते आणि पेट्रोल वाचते, असे अनेक देशांतील चालक मानीत आले आहेत. हा समज चुकीचा आहे. आणि तो का चुकीचा आहे हे समजावून घेताना वायुयामिकीतील एक महत्त्वाचे तत्त्व आपोआप स्पष्ट होते.

२. शब्दांनी घडविलेला समज

कोणत्याही लौकिक समजुतीच्या मुळाशी पुष्कळदा भाषेतील एखादे रूपक असते. वेगाने जाणाऱ्या वाहनाविषयी मराठीत 'वारा कापीत गेला', 'हवेला चिरीत गेला' असे म्हणण्याचा प्रघात आहे. कापणे व चिरणे या क्रिया शस्त्राच्या धारेने होतात आणि धार नेहमी पुढच्या बाजूस असते. साहजिकच, गाडीचे तोंड निमुळते असले की काम झाले, मागची बाजू कशीही असो, असे मन गृहीत धरते. दुसरे रूपक भिंतीचे. वाऱ्यापुढे धरलेली उघडी छत्री, नावेचे शीड, सोसाट्यात लोटले जाणारे दार यांचा अनुभव सर्वांना असतो. हौद्याच्या टोकाशी उभा असलेला फाळका हे असेच एक दार आहे आणि केबिनवरून आलेला वारा त्याच्यावर आदळत असला पाहिजे, असा निष्कर्ष मग सहज निघतो.

या अनुमानात तर्काची चूक नाही. चूक आहे ती गृहीतकात. छत्रीवर वारा आदळतो, कारण तिच्यापुढे मोकळी जागा असते. फाळक्यापुढे मोकळी जागा नसून केबिनसारखी मोठी वस्तू उभी असते आणि फाळक्यापर्यंत पोचणारी हवा तिला वळसा घालून आलेली असते. म्हणून या हवेची गती स्वतंत्रपणे तपासणे भाग आहे.

पारिभाषिक शब्दांच्या निवडीतही हाच प्रश्न आहे. वाहनाच्या गतीविरुद्ध हवेकडून जे बल लागते त्यास मराठीत 'रोध' किंवा 'प्रतिकार' म्हणता येईल, आणि 'ओढ' असेही म्हणता येईल. रोध म्हटले की पुढून अडविणारे कोणी तरी डोळ्यांपुढे येते. ओढ म्हटले की मागून खेचणारे. पुढील विवेचनावरून दिसून येईल की, जमिनीवरील वाहनाच्या बाबतीत दुसरा शब्द वस्तुस्थितीशी अधिक जुळतो.

३. मागच्या बाजूचे महत्त्व

फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५२ साली एक विलक्षण निष्कर्ष मांडला. ज्या द्रवात वा वायूत अंतर्गत घर्षण मुळीच नाही, त्यातून समगतीने जाणाऱ्या वस्तूवर एकूण बल शून्य असले पाहिजे, असे त्याच्या गणितावरून निघत होते. याचा अर्थ असा की, वस्तूच्या पुढील अंगावर प्रवाह जितका मागे रेटतो, तितकाच तो मागील अंगावर पुन्हा एकत्र येऊन तिला पुढे रेटतो. हे प्रत्यक्ष अनुभवाच्या विरुद्ध असल्यामुळे त्यास विरोधाभास म्हणूनच ओळखण्यात आले. त्याची उकल जर्मन शास्त्रज्ञ लुटविख प्रांट्ल याने १९०४ साली केली. हवेची श्यानता अल्प असली, तरी पृष्ठभागालगतच्या अत्यंत पातळ थरात, म्हणजे सीमास्तरात, तिचा परिणाम निर्णायक ठरतो. त्या थरातील हवा घर्षणामुळे मंदावते आणि वस्तूचा मागील उतार तीव्र असेल तर ती पृष्ठभागास धरून राहू शकत नाही. प्रवाह वस्तूपासून सुटतो. सुटलेल्या प्रवाहाच्या पोटात भोवऱ्यांनी भरलेला, कमी दाबाचा प्रदेश निर्माण होतो. पुढील अंगावर दाब अधिक आणि मागील अंगावर उणा, अशा या तफावतीमुळे वस्तू मागे ओढली जाते.

याचे एक बोलके उदाहरण वायुयामिकीच्या पाठ्यपुस्तकांतून दिले जाते. गोल दांडी आणि मत्स्याकार, म्हणजे पुढे गोलसर व मागे लांब निमुळती होत गेलेली दांडी, या दोहोंची तुलना केली असता, गोल दांडीच्या सुमारे दसपट जाडीच्या मत्स्याकार दांडीस तितकीच ओढ लागते असे आढळते. दोहोंचे तोंड गोलच आहे. अंतर पडते ते शेपटीमुळे.

मोटारीला अशी लांब शेपटी लावणे व्यवहार्य नाही. फ्रीडरिक्सहाफेन येथील त्सेपेलिनच्या कारखान्यात काम करणाऱ्या पाउल यारे याने १९२१ च्या सुमारास प्रवाहरेखित मोटारीची कल्पना पुढे मांडली, तेव्हा तिची शेपटी फारच लांबली होती. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत वुनिबाल्ड काम व त्याचे सहकारी यांनी असे दाखविले की, मागील अंग काही अंतरापर्यंत हळूहळू निमुळते करून मग उभे छाटून टाकले, तरी लाभाचा बराच भाग पदरात पडतो. मात्र हा उतार योग्य हवा. १९८४ साली एस. आर. अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या ठोकळ्यासारख्या नमुन्यावर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मागील उतार सुमारे १२ अंशांचा असताना ओढ सर्वांत कमी होते. पुढे ती वाढत जाऊन ३० अंशांशी कमाल गाठते आणि त्यानंतर प्रवाह पूर्णपणे सुटल्यामुळे एकदम खाली येते. तेव्हा 'मागे उतार दिला की झाले' असेही म्हणता येत नाही.

पुढील बाजूस अजिबात महत्त्व नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. नासाच्या कॅलिफोर्नियातील उड्डाण-संशोधन केंद्राने १९७० नंतरच्या दशकात एक मोटार पत्र्याने मढवून तिला मुद्दाम चौकोनी पेटीचे रूप दिले आणि ती धावपट्टीवर चालवून मापने घेतली. पेटीचे उभे कोपरे गोल करताच ओढ शेकडा ४० नी उतरली. उभे व आडवे असे सर्व कोपरे गोल केल्यावर ती शेकडा ५४ नी उतरली. आतील जागा मात्र शेकडा ३ एवढीच कमी झाली. तीक्ष्ण कोपऱ्यावर प्रवाह तेथेच सुटतो आणि गाडीच्या दोन्ही अंगांस क्षोभ पसरतो, हे यामागचे कारण. पुढील अंग किंचित गोल केले की हा दोष बहुतांशी नाहीसा होतो. आजच्या गाड्यांत तो फारसा उरलेला नाही. उरतो तो मागील अंगाचा प्रश्न.

४. हौद्यातील भोवरा

आता पिकअपकडे वळावे. केबिनच्या छतावरून येणारा प्रवाह छताच्या मागील कडेशी सुटतो. तो एकदम खाली वळू शकत नाही. हौद्याच्या वरून, किंचित खाली झुकत, मागे जातो. त्याच्या खाली, केबिनची पाठ, हौद्याचा तळ, दोन बाजूंच्या भिंती आणि फाळका यांनी वेढलेल्या जागेत हवा कोंडली जाते. वरून जाणारा प्रवाह या कोंडलेल्या हवेस फिरविताच तिचा एक मोठा, संथ भोवरा बनतो. वरच्या बाजूस ही हवा फाळक्याकडे जाते. तळाशी ती उलट फिरून केबिनकडे येते. मिशिगन विद्यापीठाच्या वातविवरात अल-गार्नी, बर्नाल व खलिघी यांनी पिकअपच्या एक-द्वादशांश आकाराच्या प्रतिकृतीवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत केबिनमागील हा बंदिस्त भोवरा प्रत्यक्ष मोजला गेला. केबिनवरून सुटलेला प्रवाहाचा थर हौद्याच्या वरूनच जातो आणि फाळक्यावर सरळ आदळत नाही, असेही त्यांत दिसून आले.

या निरीक्षणाने भिंतीचे रूपक निकालात निघते. फाळका हा वाऱ्याच्या वाटेत उभा केलेला अडसर नसून भोवऱ्याला मागून आधार देणारा बांध आहे. मुख्य प्रवाहाच्या दृष्टीने पाहिल्यास, हौद्यातील फिरती हवा ही गाडीच्या घन अंगाचाच एक भाग बनते. जणू केबिनच्या मागे हवेचेच एक मऊ छप्पर उतरते झाले आहे. फाळका पाडला की या भोवऱ्याचा मागचा आधार जातो. प्रवाह हौद्यात अधिक खोल शिरतो, त्याची घडी विस्कटते आणि केबिनच्या पाठीवरील दाब उतरतो. फाळका उभा असताना त्याच्यावर काहीच दाब येत नाही असे नाही; परंतु तो पाडल्याने जितके हलके होते, त्याहून केबिनच्या पाठीवर पडणारी ओढ अधिक वाढते. जमाखर्च तोट्यात जातो.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील केव्हिन कूपर यांनी पूर्णाकृती पिकअप ट्रक वातविवरात ठेवून हाच जमाखर्च मांडला आणि २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फाळका उभाच ठेवावा, हा उपदेश त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच आहे. फाळका पाडल्याने ओढ वाढते. हौद्यावर सपाट झाकण घातले असता ती कमी होते, असे या मापनांतून निघाले. हा फरक मोठा नसतो आणि हौद्याची लांबी, फाळक्याची उंची, केबिनचा आकार यांप्रमाणे तो बदलतो. परंतु त्याची दिशा लौकिक समजुतीच्या उलट आहे, ही गोष्ट महत्त्वाची. शिवाय पाडलेल्या फाळक्यामुळे माल रस्त्यावर घरंगळण्याचा धोका उत्पन्न होतो तो वेगळाच.

५. इंधनाचा हिशेब

ओढीचे बल चार गोष्टींवर अवलंबून असते: हवेची घनता, गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, आकारावरून ठरणारा ओढीचा गुणांक आणि वेगाचा वर्ग. हिशेबासाठी एक मध्यम पिकअप घ्यावी. तिचे वजन २,२०० किलोग्रॅम, समोरील क्षेत्रफळ ३.२ चौरस मीटर, गुणांक ०.४० आणि हवेची घनता दर घनमीटरास १.२ किलोग्रॅम मानावी. टायर रस्त्यावर फिरताना होणारा रोध वजनाच्या शंभराव्या भागाइतका धरल्यास तो सुमारे २१६ न्यूटन येतो आणि वेगाने फारसा बदलत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाला हवेची ओढ सुमारे १४८ न्यूटन भरते, म्हणजे टायरांच्या रोधाहून कमी. ताशी ८० किलोमीटरला ती ३७९ न्यूटन होते. ताशी १०० किलोमीटरला ५९३ न्यूटन होते आणि एकूण विरोधाचा जवळजवळ शेकडा ७३ भाग एकट्या हवेचा ठरतो. या वेगाला केवळ हवा बाजूस सारण्यासाठी सुमारे १६.५ किलोवॅट, म्हणजे २२ अश्वशक्ती, सतत खर्ची पडतात. वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते, आणि ते बल दुप्पट वेगाने वाहून न्यावयाचे असल्यामुळे शक्ती आठपट लागते.

एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते. इंजिन तिचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचविते असे मानल्यास, सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने १०० किलोमीटर जाण्यास या गाडीस सुमारे १०.१ लिटर पेट्रोल लागेल. आकारात सुधारणा करून गुणांक एक-दशांशाने उतरविला, तर त्यातील पाऊण लिटराच्या आसपास वाचेल. परंतु आकार तसाच ठेवून वेग ताशी ८० किलोमीटरवर आणला, तर व्यय ७.४ लिटरांवर येतो. इंजिनाची कार्यक्षमता वेगाप्रमाणे बदलत असल्याने प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे पडतील. पण प्रमाण हेच राहील. अमेरिकेने १९७४ साली संकटसमयी गाड्यांच्या आकाराकडे न पाहता प्रथम वेगाला हात घातला, त्यामागील शास्त्र या साध्या हिशेबात आहे.

६. अलीकडील रचना

आकार सुधारण्याचे प्रयत्न गेल्या दोन दशकांत नेटाने झाले आहेत. फोर्ड कंपनीच्या २०१५ सालच्या 'एफ-१५०' गाडीत फाळक्याच्या वरच्या कडेस असा आकार दिला आहे की, तेथे प्रवाह नीटपणे सुटावा. पाडावयाचा फाळका हाच अशा रीतीने प्रवाहाचे साधन बनला. २०१९ सालच्या 'रॅम १५००' गाडीत रेडिएटरपुढील जाळीच्या पट्ट्या गरजेनुसार आपोआप मिटतात, पुढील बंपरखालून एक पट्टी वेगाबरोबर खाली उतरते आणि काही नमुन्यांत हवेच्या स्प्रिंगांमुळे सबंध गाडीच किंचित खाली बसते. तिचा गुणांक ०.३५७ असल्याचे कंपनीने सांगितले. २०२३ साली विक्रीस आलेल्या टेस्लाच्या 'सायबरट्रक'मध्ये छत मध्यावरून थेट फाळक्यापर्यंत उतरत जाते आणि हौद्यावर गुंडाळले जाणारे झाकण येते. तिचा गुणांक ०.३३५ असल्याचे तिच्या निर्मात्यांचे म्हणणे आहे. जे छप्पर पूर्वी भोवऱ्याने हवेत उभारले होते, ते येथे पत्र्यात उतरले आहे, असे म्हणता येईल.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. गुणांक हा केवळ आकाराचा निदर्शक आहे. गाडीच्या मोठेपणाचा त्यात समावेश नाही. ओढ ठरते ती गुणांक व क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने. ०.२८ गुणांकाच्या आणि २.२ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या साध्या मोटारीसाठी हा गुणाकार ०.६२ येतो, वरील हिशेबातील पिकअपसाठी तो १.२८, म्हणजे दुपटीहून अधिक आहे. गाडी उंच व रुंद होत गेली, तर गुणांकातील सुधारणा त्या वाढीतच जिरून जाते.

७. व्यवहारातील निष्कर्ष

महाराष्ट्रात पिकअप मुख्यतः बाजार समित्यांकडे भाजीपाला नेणारी आणि गावोगाव माल पोचविणारी गाडी आहे. तिच्या बाबतीत वरील तत्त्वे तीच राहतात, पण त्यांचा क्रम बदलतो. गावातील आणि घाटातील संथ प्रवासात हवेपेक्षा वजन व टायर यांचा वाटा मोठा असतो. तेथे टायरांतील हवा योग्य दाबाची ठेवणे आणि वारंवार ब्रेक लागेल असे न हाकणे यांनी अधिक लाभ होतो. द्रुतगती मार्गावर मात्र हवेचा हिशेब सुरू होतो. केबिनच्या वर चढविलेला माल समोरील क्षेत्रफळ वाढवितो आणि ढिली, फडफडणारी ताडपत्री प्रवाहाचा क्षोभ वाढविते. ताडपत्री हौद्यावर ताणून सपाट बांधली असता तिचे काम झाकणासारखेच होऊ शकते. हौदा रिकामा असेल, तर फाळका लावून घ्यावा. या सर्वांहून अधिक बचत वेग थोडा उतरविल्याने होते आणि तिला खर्च काहीच येत नाही.

पारिभाषिक शब्दाच्या निवडीविषयी आरंभी जो प्रश्न उपस्थित झाला, त्याचे उत्तर या विवेचनातून मिळते. 'हवेचा रोध' म्हटल्याने चालकाचे लक्ष गाडीच्या तोंडाकडे जाते आणि फाळक्याची भिंत त्याला सलू लागते. 'हवेची ओढ' म्हटले की गाडीच्या पाठीमागे काय चालले आहे, हे पाहण्याची गरज त्याच शब्दातून सूचित होते. विज्ञानाची परिभाषा घडविताना शब्द शुद्ध आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात वस्तूचे कोणते चित्र उभे करतो, हेही पाहिले पाहिजे. या ठिकाणी घरगुती 'ओढ' हाच शब्द अधिक शास्त्रीय ठरतो.